साथीचा रियाज

"संगीत हा मोक्षाचा राजमार्ग आहे!" निवृत्त हेडसरांनी तबल्याच्या क्लासात पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि त्या मार्गावरून ते असे काही सुटले, की ज्या मुलीच्या गाण्याला साथ करायची ती वाटेतच राहायची आणि हे शेवटाला पोचून तिची वाट बघत बसायचे.

"सर," लेकीच्या वयाच्या तबल्याच्या बाई शेवटी म्हणाल्या, "साथ म्हणजे आधी ऐकणं. काही दिवस तबल्याला हात लावू नका. घरी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकायचा रियाज करा. जमलं, तरच क्लासच्या कार्यक्रमात साथीला बसवीन."

कार्यक्रमात बसण्यासाठी सर काहीही करायला तयार होते. अगदी बायकोचं ऐकायलासुद्धा.

संध्याकाळी ती वाटाणे सोलत होती. सर खुर्ची ओढून समोर बसले. "बोल. आज मी मध्ये तोंड घालणार नाही."

"अगंबाई! बरं, धाकट्याचा फोन आला होता. तर मी काय म्हणते, आपण जरा..."

आणि ती थांबली.

सरांच्या जिभेवर उरलेलं वाक्य तयार होतं. त्यांनी ते मोठ्या कष्टानं गिळलं आणि ओठ मिटून थांबून राहिले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. अख्ख्या संसारात आज पहिल्यांदा त्यांनी तिला पुढे जायला वाट दिली होती. त्यांचे डोळे भरून आले. मोक्ष म्हणतात तो हाच असणार.

बायको अवघडून हसली.

"अहो, इथून पुढचं नेहमी तुम्ही बोलता ना! मला कुठली सवय? घ्या की."