परीक्षकांची खुर्ची

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, तेव्हा चष्मेवाल्याच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई येऊन बसली.

"ही जागा एका गृहस्थांची आहे," चष्मेवाला तिला म्हणाला. "वर्षभराचा पास आहे त्यांचा. येतीलच एवढ्यात."

तिने पर्समधून पास काढून त्याच्यापुढे धरला. त्यावरचा फोटो त्या गृहस्थांचाच होता, म्हणजे परीक्षकांचा.

"मी त्यांची मुलगी. बाबा गेले, तीन आठवडे झाले. एका इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून जिना उतरत होते, तिथेच बसले. उठले नाहीत."

गेले दोन सामने खुर्ची रिकामी होती आणि चष्मेवाल्याने परस्पर ठरवून टाकलं होतं, गडी तापाने पडला असणार. नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. नावही कधी विचारलं नव्हतं. सगळी रांग परीक्षक म्हणायची, तोही म्हणायचा.

"कपाट आवरताना हा पास सापडला," ती म्हणाली. "म्हटलं, कुठे बसायचे ते तरी बघून यावं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"त्यांचंही लक्ष असायचंच असं नाही. आपला संघ मागे पडला की ते दुसरंच काही बोलायला लागायचे. आणि आपला संघ मागे पडायला वेळ किती लागतो?"

"बाबा बोलायचे?"

"थांबायचेच नाहीत."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "घरी ताट वाढलं की जेवायचे आणि उठायचे. पाणी हवं असलं तर नुसता पेला पुढे सरकवायचे. मी घर सोडून सात वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. पण त्याआधीचे शब्द मोजायलाही माझी दहा बोटं पुरतील." मग तिने विचारलं, "कशाबद्दल बोलायचे?"

"सिनेमे. आणि हॉटेलं."

मग तो सांगत गेला. कुठलाही सिनेमा असो, परीक्षकांच्या मते तो वीस मिनिटं जास्तच असायचा. नायिका रडली तरी काजळ जागच्या जागी राहतं, याचा त्यांना मनापासून राग. पुलाखालच्या हॉटेलातलं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, पण वाढणारा माणूस लाखात एक, म्हणून दर महिन्याला ते सूप मुकाट्याने प्यायचं. बाजारातल्या हॉटेलात भात उत्तम, पण पंखा नेमका डोक्यावर, पहिला घास तोंडात जाईपर्यंत दुसरा गार. सांगता सांगता चष्मेवाल्याचा आवाज परीक्षकांसारखा व्हायला लागला. ती हसली. हसताना तिने तोंडावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तसाच राहिला.

"माझ्याबद्दल कधी काही?"

चष्म्यांच्या दुकानात रोज दहा जणांना 'फ्रेम शोभून दिसते हो' म्हणणारा तो माणूस. इथेही एक वाक्य फेकता आलं असतं. पण त्याला ते जमेना.

"नाही गं," तो म्हणाला. "त्यांना मुलगी आहे हेच मला आज कळलं."

तिने मान हलवली. ऐकायची तयारी करूनच आली असावी. समोर पाहुण्या संघाने गोल केला आणि सगळ्या रांगांमधून एक लांब सुस्कारा निघाला. ती पर्सचा बंद चाचपायला लागली.

"एक सिनेमा मात्र ते अर्ध्यावर सोडून आले होते," चष्मेवाला घाईने म्हणाला. "एरवी पडद्यावर नावं संपेपर्यंत बसणारा माणूस. त्यात म्हणे एक बाप मुलीच्या दारात उभा राहून पाच मिनिटं बोलतो. माझं चुकलं वगैरे. लोक रडत होते. हे उठले आणि बाहेर."

"का?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, धादांत खोटं आहे चष्मेवाले, असं कोणी बोलत नाही. माणूस दारापर्यंत जातो, घंटीवर बोट ठेवतो आणि परत फिरतो."

ती मैदानाकडे बघत होती.

"कुणाचं दार, ते म्हणाले?"

"नाही. तिथून जे एका हॉटेलावर घसरले, ते सामना संपेपर्यंत तेच. शाळेच्या मागच्या गल्लीत आहे म्हणे, निळ्या दाराचं, आत चारच टेबलं. खिडकीजवळचं टेबल फार सोयीचं, म्हणाले. एक आमलेट मागवून दोन दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. दर रविवारी जायचे तिथे."

मधल्या विश्रांतीची शिट्टी झाली. माणसं उठली, पाय मोकळे करायला त्यांच्या गुडघ्यांवरून पलीकडे जाऊ लागली. दोघांनी पाय आत घेतले आणि वाट दिली.

"माझ्या घरासमोर आहे ते," ती म्हणाली. "माझ्या बाल्कनीतून ते टेबल दिसतं. कधी नीट पाहिलंच नाही, कोण बसलंय."

तिने पास परत पर्समध्ये ठेवला.

"आमलेट कसं होतं म्हणाले?"

त्याने खूप आठवून पाहिलं. मीठ, तेल, पाव, चहाचा कप, कशाकशावर परीक्षकांचं मत नव्हतं?

"त्या आमलेटाबद्दल," तो म्हणाला, "ते कधी काहीच बोलले नाहीत."