गवताचा डाग

वस्तीतला फुटबॉल क्लब पुढेही टिकावा म्हणून एका सल्लागार बाईंना बोलावलं होतं. "सगळ्या संघाच्या जर्सी एकट्या मावशींनी धुवायच्या? कामं वाटून घ्या, नाहीतर क्लब टिकायचा नाही," त्या म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. ज्याने त्याने आपली जर्सी घरी धुवायची, असं ठरलं.

"मावशी, सुटलात एकदाच्या!" सगळे म्हणाले. मावशीही हसल्या.

आजवर सोमवारी मळक्या जर्सी त्यांच्याकडे यायच्या, शुक्रवारी धुऊन परत जायच्या. एरवी त्यांच्या दाराची बेल वाजतच नसे. पण हे कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बेल वाजली. दारात गोलकीपर.

"मावशी, हा गवताचा डाग काही केल्या जात नाही. कसा काढायचा, तेवढं सांगा."

"सांगून जमायचं नाही. बस."

तो दोन पोरांचा बाप मोरीच्या उंबऱ्यावर बसून हरलेल्या सामन्याचं रडगाणं गात राहिला. मावशी मन लावून ऐकत होत्या. दोनदा चोळताच डाग गेला. त्याच्या लक्षात यायच्या आत त्यांनी जर्सी पुन्हा फेसात बुडवली.

"भलताच चिवट आहे रे. भिजू दे रात्रभर. उद्या ये."