पडून असलेल्यांचा दर

"चालत्या माणसाला रोजचे दोनशे दहा," गोरक्षनाथांनी तक्ता वाचून दाखवला. "अंथरुणावर पडून असलेल्याला निम्मा. एकशे पाच."

नगरपरिषदेच्या सभागृहात दर समिती बसली होती. गावात बेवारस सापडलेली म्हातारी माणसं नगरपरिषद मरियमबाईंच्या वृद्धाश्रमात ठेवते आणि माणशी रोजचे पैसे देते. तो दर आज ठरायचा होता. मरियमबाईंना बोलावलं होतं खरं, पण खुर्ची दिली भिंतीकडेची. समितीला चहा आला. मरियमबाईंना कुणी विचारलंही नाही.

"निम्मा कसा काय?" मरियमबाईंनी विचारलं.

"पडलेलं माणूस खातंय किती?" समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले. "साधा हिशेब हाय, बाई. खाणं निम्मं, दर निम्मा."

साधा असणारच, कारण हिशेब कुणी केलाच नव्हता. दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या, तेव्हाचा तक्ता कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर पडून होता. मोठं जनावर, पूर्ण दर. लहान जनावर, निम्मा. समितीचे लिपिक गोरक्षनाथ. साहेबांनी सांगितलं म्हणून त्यांनी 'वैरण' खोडून 'जेवण' केलं, आकडे बदलले आणि काम उरकलं. टीप क्रमांक चार तेवढी काढायची राहून गेली.

मरियमबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "कानाला बिल्ला नसल्यास दर देय नाही."

कारभारी नावाचे एक जुने सदस्य खो खो हसले. "मारा की मग बिल्ले. म्हातारी हरवायची तरी न्हाईत."

आप्पासाहेबही हसले. गोरक्षनाथ मान खाली घालून सभेचं इतिवृत्त लिहीत होते. त्यांचे कान लाल झाले. एवढ्या सभागृहात लाज एकट्या त्या माणसाला वाटली.

"माझ्याकडे अकराजण पडून आहेत," मरियमबाई म्हणाल्या. त्यांना संताप आला होता आणि तो त्या गिळत होत्या. "दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठ सडते. एकेकाला उचलायला दोन बाया लागतात, भरवायला पाऊण तास जातो. चालतं माणूस आपलं ताट घेऊन आपण बसतं. तुमचा तक्ता उलटा आहे. निम्म्या दरात माझ्या बाया टिकणार नाहीत, आणि बाया गेल्या की ही माणसं जगणार नाहीत."

"आवो, सेवा करता म्हणून तर तुमच्याकडं दिली माणसं," कारभारी म्हणाले. "सेवेला कुठं मोजमाप असतंय व्हय? आन् तुमच्या मिशनचं येतंय की बाहेरून."

"बाहेरून एक रुपया येत नाही. मागच्या महिन्यात डायपर माझ्या पेन्शनमधून आणले."

"सगळे असंच सांगत्यात," आप्पासाहेब म्हणाले. "ठराव मंजूर. सही करा. नकार दिला तर अनुदान बंद, एवढं ध्यानात ठेवा."

त्यांनी कागद पुढे सरकवला. कागद शेवटपर्यंत वाचायची खोड त्या समितीत कुणाला नव्हती. मरियमबाईंना होती. तीस वर्षं त्यांनी शाळेत पेपर तपासले होते.

"संस्थेनं नकार दिल्यास माणसांची सोय नगरपरिषदेनं करायची आहे," त्या म्हणाल्या. "कलम सात. तुमचंच आहे."

त्यांनी 'नकार' लिहिलं आणि खाली सही केली. त्या अकराजणांना आपण दाराबाहेर काढतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं. पण निम्म्या दरात त्यांना डोळ्यांदेखत सडू देणंही जमणार नव्हतं.

"उद्या सकाळी दहाला आणून सोडते. इथं जागा आहे, पंखे आहेत. फक्त कूस कोण बदलणार, त्याचं नाव सांगा. आमच्या केशरबाई आंधळ्या आहेत. अनोळखी हात लागला की दिवसभर थरथरतात. नाव आधी कानावर घालावं लागतं." त्यांनी पर्समधून डायरी काढली. "सांगा, लिहून घेते."

कारभारींनी मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं.

शेवटी आप्पासाहेब वळले. "गोरक्षनाथ, तुमी बघा हो हे. तुमाला सवय हाय. तुमची आई पडूनच असती न्हवं?"

"हो साहेब. तीन वर्षं झाली."

"मग? काय लागतंय एवढं? सांगा बाईंना."

गोरक्षनाथ तसे भित्रे. साहेबांसमोर खुर्चीवरसुद्धा काठाला टेकणारे. त्यांनी एकदा आपण केलेल्या तक्त्याकडे पाहिलं.

"दोन बाया ठेवल्यात, साहेब," ते म्हणाले. "एक दिवसाची, एक रातची. रोजचे आठशे जातात. तरी पाठीला जखम झाली. बरी होत नाही."

कारभारींनी मोबाईल खाली ठेवला.

"हे इतिवृत्तात घेऊ नका," आप्पासाहेब म्हणाले.

"घेतलं, साहेब," गोरक्षनाथ म्हणाले, आणि आईचं पूर्ण नाव लिहून झाल्यावरच त्यांनी पेन खाली ठेवलं.