मोठ्या कटरचा सूर

लालबागच्या चाळीखालच्या सुतारकारखान्यातलं यंत्र किंचाळलं, तशी अंबिका परातीतलं पीठ सोडून जिना उतरली. तिचा नवरा लवू संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेल्यापासून यंत्रावर त्याचा सोबती कुशाबा होता. त्यानं लाकूड कोरायचा बशीएवढा कटर लावून बारक्या कटरचाच वेग ठेवला होता. “भावजी, बंद करा! कटरचे तुकडे उडून छातीत घुसतील. कटर मोठा, तर वेग कमी. हे म्हणतात, मोठ्याची कडा आधीच जोरात पळते.” “वहिनी, वरून कसं कळलं?” “आवाजावरून.” ओशाळलेल्या कुशाबानं यंत्र थांबवलं आणि वेग उतरवायला पट्टा कटरच्या दांड्यावरच्या मोठ्या पुलीवर चढवला. यंत्र पुन्हा सुरू झालं. लवूच्या वेळचा धीमा, घुमणारा सूर लागला. याच सुरावर तिनं आठ वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. अंबिका पिठाच्या हातांनी चौकट धरून उभी राहिली. फळी संपली. कुशाबानं बटणाकडे हात नेला. “राहू द्या चालू,” ती म्हणाली, “भाकऱ्या होईपर्यंत.”