लांबची वायर

मशीन पुन्हा ओरडून बंद पडलं. गोरक्षच्या आईच्या, झुंबरबाईंच्या नाकातल्या नळीतला ऑक्सिजन थांबला. गोरक्षने धावत जाऊन बटण दाबलं, पंखा बंद केला, दिवाही घालवला. मशीन कसंबसं घरघरायला लागलं. आईची छाती मात्र भात्यासारखी वरखाली होतच राहिली.

वायरमन मेहताबने बोर्डात व्होल्टेज मोजायचं मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली.

"तुमच्या गोठ्यावर व्होल्टेज फुल हाय, गोरक्षभाऊ. हितं येईस्तवर पार कमी हुतंय. वायर बारीक, त्यात बांधाबांधानं एवढ्या लांबून आणलेली. जेवढी लांब आन् बारीक, तेवढं ती वाटंतच खाती."

वाटणी झाली तेव्हा घराचं मीटर थोरल्या भावाच्या, काकासाहेबांच्या बाजूला गेलं होतं. भांडणात ते म्हणाले, "तुझं तू बघ." गोरक्षनेही रागाच्या भरात ओढ्यापलीकडच्या गोठ्यावरून स्वतःची वायर ओढली. दिव्यांचं, मोबाईलचं भागत होतं. आईचं मशीन आलं आणि वायर कमी पडायला लागली.

"थोरल्यांकडून घ्या की. भिंतीपल्याड तर हायेत," मेहताब म्हणाला. "मी मारतो हाक."

"न्हाई! त्याच्यापुढं हात पसरनार न्हाई मी. तू तिसगावातून जाड वायर आन."

मेहताब गाडीला किक मारून गेला.

आईने हात उचलून भिंतीकडे बोट केलं. गोरक्षला वाटलं, तिला त्या कुशीवर व्हायचंय. त्याने तिला अलगद वळवलं. तेवढ्यात मशीन परत थांबलं. या वेळी कितीही वेळा बटण दाबलं तरी ते सुरू झालं नाही.

मेहताब वायर घेऊन आला तेव्हा गोरक्ष आईचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. मेहताबने वायर उंबऱ्याबाहेरच ठेवली.

रडणं ऐकून काकासाहेब आले. आईच्या कपाळावरून हात फिरवत बराच वेळ बसले. मग उठले, धाकट्याचा दंड धरला आणि त्याला आपल्या अंगणात घेऊन गेले. मधल्या भिंतीवर नवा बोर्ड बसवला होता. त्यातून निघालेली जाडजूड वायर भिंतीच्या माथ्यापर्यंत आणून ठेवली होती. तिचं दुसरं टोक गोरक्षच्या घराकडे होतं.

"मशीन आलं त्याच दिशी जोडली हुती," काकासाहेब म्हणाले. "तू हाक मारशील म्हनून थांबलो रे."