सुधारित वाण

चौथी नळी भरली तेव्हा लाडकीनं विचारलं, "औशद कवा द्याल, साहेब?"

डॉक्टर आगटे नुसते हसले. मुंबईहून जीप घेऊन आलेला हा माणूस तसा वाईट नव्हता, फक्त त्याला फार घाई होती. नळीवर नंबर घालून त्यांनी ती बर्फाच्या डब्यात ठेवली आणि पाचवी उचलली. पाड्यावरच्या बालवाडीच्या ओट्यावर खुर्ची एकच, तिच्यावर ते बसलेले. समोर जमिनीवर लाडकीची सतरा वर्षांची लेक कमळी हात पुढे करून बसली होती. तिला सिकलचा आजार. रक्त मुळातच कमी, त्यात सांधे धरले की दोन-दोन दिवस गोधडीत तोंड खुपसून कण्हायची. अशा पोरीच्या अंगातून पाच नळ्या! लाडकीचा अंगठा मात्र रीतसर घेतला होता. कागद इंग्रजीत होता.

"औषध नाही बाई, हे संशोधन आहे," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, जरा समजावून सांगा यांना."

सिस्टर म्हणजे मुरबे गावची नलू, उपकेंद्रातली नर्स. दुखण्याच्या गोळ्यांसाठी ती तीन महिने वर चिठ्ठ्या पाठवत होती. गोळ्या काही आल्या नाहीत. जीप आली, तीही बर्फासकट.

डॉक्टर उत्साहानं सांगत होते. जीन, म्यूटेशन, अमकं, तमकं. विलायतेत आता बापाशिवाय मेंढी जन्माला घातली आहे, माणसाच्या जीनमध्ये दुरुस्ती करायलाही फार दिवस लागणार नाहीत. नलूला 'जीन'ला शब्द सापडेना. मग तिला शेतकी अधिकाऱ्याचा शब्द आठवला.

"लाडकीबाय, भाताचं सुधारित वाण येतं ना? तसं हे मानसाचं वाण सुधारनार हायत. त्यासाठी रगत पायजे."

लाडकीच्या कपाळाला आठी पडली. "आमी लावलं व्हतं सुधारित. दाना चांगला आला. पन पेंढा इतकासा." तिनं गुडघ्याशी हात धरला. "गुरांना पुरला नाय, छपराला पुरला नाय. दोन वरसं घर गळलं. पेंढा आखूड व्हनार ते कोनी सांगितलं नवतं."

"अहो बाई, ते भात आहे!"

"म्हनूनच इचारते. तुमाला भाताचं कळलं नाय, मानसाचं कसं कळंल?"

नलूनं ओठ दाबून हसू आवरलं. डॉक्टरांना मात्र ते लागलं. अडाणी बाईनं आपल्याला प्रश्न विचारावा, याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पाचवी नळी पुरी भरून घेतली, सुई काढली, कमळीच्या हातावर कापूस दाबला आणि लहान मुलाला सांगावं तसं लाडकीला सांगितलं, "हे तुमच्याच भल्यासाठी आहे. पंचवीस-तीस वर्षांत अशी मुलं जन्मालाच येणार नाहीत."

सकाळपासून त्यांनी बोललेलं हे पहिलं स्वच्छ, सोपं मराठी वाक्य. त्याला नलूची गरज पडली नाही.

"अशी म्हंजे कशी?" लाडकीनं विचारलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन कमळीकडे केलं. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जिच्या रक्तावर हे सगळं उभं राहायचं, तीच नको! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय म्हणायचं याला?

कमळी कापूस दाबून बसली होती. तिनं मान वर केली. "आये, मी नको व्हती काय?"

लाडकी उठली आणि बर्फाच्या डब्याचं झाकण तिनं उघडलं. आत सगळ्या पाड्याच्या नळ्या होत्या. आकडे तिला वाचता येत नव्हते. ती एकेका नळीला बोट लावून बघू लागली. गार, गार, गार. चार नळ्या अजून कोमट होत्या. त्या तिनं काढल्या, पाचवी डॉक्टरांच्या हातातून घेतली आणि पाचही लुगड्याच्या ओच्यात बांधल्या.

"अहो, हे काय करताय? अंगठा दिलाय तुम्ही!"

"औशदाला दिला व्हता." लाडकीचा आवाज चढला. "दुखतं तवा रडते माजी पोर. नाय दुखत तवा आवनीला, भात लावताना, सगळ्या बायांच्या फुडं असते. तुमी तिचं दुखनं काढा ना, साहेब. पोर कशाला काढता?"

ती कमळीचा हात धरून ओट्यावरून उतरली.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. अजून दोन पाडे बाकी होते. "जाऊ द्या सिस्टर. रजिस्टरला नकार म्हणून नोंद करा. कारणाच्या रकान्यात लिहा, अज्ञान." आणि डबा उचलून ते जीपकडे गेले.

नलूनं रजिस्टर मांडीवर घेतलं. नाव, वय, पाडा. पुढे तिनं 'नकार' लिहिलं. कारणाच्या रकान्याशी मात्र तिचा हात थांबला. खाली बांधावरून मायलेकी चालल्या होत्या. कमळी लंगडत होती, तरी पुढे होती. जीपचा हॉर्न दोनदा वाजला.

नलूनं त्या रकान्यात बारीक, नीट अक्षरात लिहिलं: 'मुलगी जन्मलेली आहे.'