भिंतीवरची गोधडी

लव्हाळ्याची ओली काडी नव्वद अंशांत दुमडली तरी तुटत नाही. वाळलेली लगेच तुटते. आज संत ब्रिजिडचा सण. आमच्या या आयरिश गावात त्या दिवशी बायका लव्हाळ्याचे क्रूस विणतात आणि वर्षभरात हातांनी केलेलं काम ग्रंथालयात मांडतात. यंदा भिंतीवर माझी गोधडी होती, खाली माझं नाव. नवऱ्याला मी प्रयोगशाळेत जाते असं सांगितलं होतं.

"काड्या कात्रीने कापल्यास?" शेजारची नोरीन हसत म्हणाली. "अगं, हाताने उपटायच्या असतात! तुम्हा शास्त्रवाल्यांना सगळं एका मापाचं लागतं."

मी हसले, आणि नवरा दारात दिसला. त्याने गोधडी निरखली, नाव वाचलं, सगळ्यांकडे बघून मान लववली. मग माझ्याजवळ येऊन मराठीत हळूच म्हणाला, "वा, मोठी कलावंत झालीस की. चल, घरी बोलू."

मागच्या वेळी तो 'घरी बोलू' म्हणाला, तेव्हा आधीची गोधडी जळाली होती आणि माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. बाहेर गाडी सुरूच होती. त्याने माझा कोट माझ्यापुढे धरला.

"काय म्हणतोय गं तो?" नोरीनने विचारलं.

मी कोट घेतला नाही. अकरा वर्षं मनात ठेवलेलं वाक्य इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मी याच्याबरोबर घरी जाणार नाही."